चाखून झालं की

ताप उतरला, पण तोंडाची चव गेली ती गेलीच. बायको समोर काहीही ठेवो, मला सगळं ओल्या पुठ्ठ्यासारखं लागायचं. दोन घास कसेबसे गिळून मी ताट बाजूला सारायचो आणि ती ते उचलून न्यायची.

आज सकाळी स्वयंपाकघरातून चमच्याचा आवाज आला. चाखून झालं की पातेल्याच्या काठावर चमचा दोनदा आपटायची तिची सवयच आहे. त्याच क्षणी माझ्या जिभेवर सूप आलं. गरम, दाट आणि अळणी.

"मीठ कमी आहे गं," मी अंथरुणातूनच म्हणालो.

ती चमचा घेऊन दारात आली. "तुम्हाला कसं कळलं?"

मलाच कळेना. तिने वाटी आणून दिली, तर तोंडात पुन्हा पुठ्ठाच. म्हणजे चाखणार ती आणि चव लागणार मला.

"इतक्या वर्षांच्या संसाराचा एवढा तरी उपयोग," ती म्हणाली आणि बऱ्याच दिवसांनी हसली.

दुपारी ती माझ्या उशाशी बसून सदऱ्याला बटण लावत होती. जिभेवर पुन्हा सूप आलं.

"काय खातेस?"

"काही नाही." तिने आ करून दाखवला.

तेवढ्यात स्वयंपाकघरात पातेल्याच्या काठावर चमचा दोनदा आपटला.

घरात आम्ही दोघंच. तिची सुई हवेतच थांबली.

मीठ आता अगदी बरोबर होतं. आणि मला कडकडून भूक लागली.