सरावाचा गडी

थँक्सगिव्हिंगच्या जेवणाला ग्रॅडीने टर्कीचा एकच तुकडा वाढून घेतला आणि बटाट्याचं भांडं तसंच पुढे सरकवलं. आईचा पारा चढला.

“वय बसत नव्हतं म्हणून माझ्या नावाने कुस्त्यांवर सट्टा खेळलास. वर्षभर कुस्ती बंद झाली. आता कुणासाठी वजन राखतोयस रे?”

“वेस्टनसाठी. संघात माझ्या जागी तो उतरतोय. बंदी सामन्यांना आहे, सरावाला नाही. त्याला झुंजायला त्याच्याच वजनाचा गडी लागतो.”

“एवढा पुळका? त्याचं नाव काढलेलं खपत नव्हतं तुला!”

ग्रॅडीने पाण्याचा लहानसा घोट घेतला.

“ज्या पैजेत सापडलो ना आई, ती मी वेस्टन हरणार म्हणून लावली होती.”