बारा अंड्यांची कविता

टाइपरायटर जप्त झाल्यापासून माझा नवरा दर ईस्टरला कांद्याच्या सालींत रंगवलेल्या बारा अंड्यांवर सुईने नवी कविता कोरायचा, एकेकावर एक ओळ. एका ईस्टरला लेनिनग्राडच्या आमच्या खोलीत गुप्त पोलिसांचे तिघे झडतीला आले. कागद सापडेना, तेवढ्यात मोठ्या साहेबांना परडी दिसली. "वहिनी, जरा मीठ द्या." ओळ वाचायची, अंडं फोडायचं, खायचं. तिघांनी बाराही संपवली, टरफलं शेगडीत टाकली आणि नवऱ्याला नेलं. तो श्रमछावणीतच वारला. ती कविता आणखी कुठेच नव्हती. आता शहराचं नाव बदललंय, देवही पुन्हा कामावर रुजू झालाय. आज चर्चच्या दारात तेच साहेब मेणबत्ती घेऊन उभे. लाल अंडं माझ्या हातात ठेवत म्हणाले, "ख्रिस्त उठला, वहिनी!" यावर "खरंच उठला" म्हणायची रीत. मी अंडं फिरवून पाहिलं. कोरं होतं. "मीठ आणलंत का, साहेब?"