टेलिफोनकाकांचा नंबर

"आजचे नंबर संपले हो," दवाखान्याच्या काउंटरवरची ताई म्हणाली. "उद्या सकाळी आठला फोन करा."

"आजही आठलाच केला होता. तासभर नुसता एंगेज." समोर उभ्या आईने खांद्यावरचं बाळ सावरलं. "रात्रीपासून अंग भाजतंय हो त्याचं. उद्यापर्यंत कशी कळ काढू?"

सवयीने ताईची नजर कोपऱ्यातल्या खुर्चीकडे गेली. टेलिफोनकाका बसले होते. मग काळजी नव्हती.

त्या भागात फॅमिली डॉक्टर एवढा एकच उरला होता. सकाळी फोन सुरू झाला की चहा निवायच्या आत दिवसभराचे नंबर उडून जायचे. टेलिफोनकाकांचा फोन मात्र हमखास लागायचा. त्यांची उभी हयात टेलिफोन खात्यात गेलेली. "लाइन कधी मोकळी होणार, ते मला वासावरून कळतं," असं ते छाती पुढे काढून सांगत. नंबर मिळवायचा, इस्त्रीचा शर्ट घालून येऊन बसायचं, आणि कोणी रडवेलं होऊन काउंटरवरून परत फिरू लागलं की उठायचं. "पोरी, माझा नंबर यांना दे. माझा गुडघा काय, उद्याही दुखेल!" नंबर बदलून द्यायचा नाही, असा डॉक्टरांचा नियम होता. ताई काकांना गैरहजर दाखवायची आणि त्या जागी दुसऱ्याला गुपचूप आत सोडायची.

आज काका उठले नाहीत.

"बराच ताप दिसतोय बाळाला," ताई मुद्दाम मोठ्याने म्हणाली.

काका स्वतःच्या चपलांकडे बघत राहिले.

"काय काका, आज दुकान बंद का?" भिंतीलगतच्या जाड्या बाईने विचारलं. दोघं-तिघं हसले.

ताईला रागच आला. एवढंसं लेकरू तापाने फणफणलंय आणि या माणसाला आजच रुसायचं सुचावं? ती काउंटरमागून बाहेर आली आणि खुर्चीपाशी वाकली.

"काका, आजही गुडघाच ना?"

"नाही गं." आवाज इतका बारीक, की तिला कान पुढे करावा लागला. "आज मला आत जायचंय."

ताई बघतच राहिली. काकांचं कपाळ घामाने डबडबलं होतं. इस्त्रीच्या शर्टाची कॉलर भिजून मानेला चिकटली होती.

"त्या लेकराचं दिसतंय मला," ते घाईघाईने म्हणाले. "मघाशी उठायला बघितलं मी. पण पहाटेपासून छातीवर कोणी पाट मांडून बसल्यासारखं झालंय. पोरी, आजच्या दिवस नाही देत मी नंबर. चालेल ना?"

पाणी प्यायला जाऊ का, असं वर्गात विचारावं, तसं त्यांनी विचारलं होतं.

"चालेल ना काय, काका! आल्या आल्या बोलायचं नाही का?"

"सगळ्यांनाच घाई असते गं. आणि माझा नंबर शेवटचा. आज बोटंच चालेनात, फोन उशिरा लागला."

ताईने त्यांच्या काखेत हात घातला. मागून बाळाच्या आईचा आवाज आला, "आधी त्यांना न्या. माझं हे रडतंय, तोवर मला धीर आहे."

"तू ये गं, माझ्याबरोबर आत चल," जाडी बाई म्हणाली. ती आता हसत नव्हती. "मला नुसत्या गोळ्या लिहून घ्यायच्यात. माझ्या नंबरात तुझं बाळ बसेल." मग बाकीच्यांकडे वळून ती खेकसली, "बघताय काय? वाट सोडा की!"

आत पेशंट असतानाच ताईने दार ढकललं.

"अहो, दार वाजवून..." डॉक्टरांनी वर पाहिलं आणि वाक्य तिथेच सोडलं. आतला पेशंट न सांगताच उठून बाजूला झाला. काकांना टेबलावर निजवलं. डॉक्टरांनी त्यांच्या जिभेखाली एक गोळी सरकवली, एका हाताने नाडी धरली आणि दुसऱ्या हाताने मोबाइलवरून अँब्युलन्स मागवली.

"नाव काय यांचं?"

ताईने सांगितलं. डॉक्टरांची भुवई वर गेली.

"हे? रोज नंबर घेऊन न येणारे?" त्यांनी काकांच्या चेहऱ्याकडे नीट पाहिलं. "मला वाटलं होतं, असा कोणी माणूसच नाही. म्हणजे आज पहिल्यांदाच आलात आत?"

"हो," काका ओशाळून म्हणाले. त्यांनी छताकडे, भिंतीकडे नजर फिरवली. "खोली छान आहे."

"बोलू नका आता. शर्ट मोकळा करा."

काकांचा हात गळ्यापाशी गेला. बोटं पहिल्या बटणावर चाचपडली आणि तिथेच थांबली. ताईने तो हात हलकेच बाजूला ठेवला आणि स्वतःच बटणं काढू लागली.

बाहेर काउंटरवर फोन वाजायला लागला. थांबला आणि लगेच पुन्हा वाजायला लागला.

"फोन घे, पोरी," काका डोळे मिटून पुटपुटले. "कधीचं लावत असेल बिचारं कोणी."

"लावू दे," ताई म्हणाली आणि तिने पुढचं बटण काढलं.