बोलकी पेटी

आजारपणात आईची वाचा गेली, तेव्हा बाबांनी बोलकी पेटी करून दिली. आईने शब्दांची बटणं दाबायची, पेटीने वाक्य बोलायचं. आज लेकीने हौसेने बाबांचा जुना प्रोग्राम, तो यंत्राच्या भाषेत उतरवून देणाऱ्या नव्या कंपायलरवर चढवला आणि सगळा विचका झाला. आईने ‘मला’ दाबलं, की बोट दुसऱ्या बटणाकडे वळायच्या आत पेटी “मला” म्हणून गप्प! “मी एका अक्षरालाही हात लावलेला नाही, बाबा. तुमचा तो आकडे मोजत बसणारा लूप कंपायलरनेच उडवला. काहीच करत नव्हता ना!” “करत नव्हता कसा? तुझ्या आईसाठी थांबत होता.” ‘या लूपला हात लावायचा नाही’ असं कंपायलरला बजावून लेकीने पेटी आईपुढे ठेवली. आईने ‘मला’ दाबलं. बोट पुढचं बटण शोधू लागलं. लेकीने ओठांवर आलेलं “पाणी हवंय?” गिळलं. सावकाश पेटी बोलली, “मला घाई नाही.”