दोन भावांच्या नळ्या

"मामा, तुम्ही दोघा भावांच्या नळ्यांत एकाच भावाचं रक्त भरलंत. मान्य का करत नाही?" सुलेखा कडाडली.

"नाय भरलं बाई. तीस साल झाले, चिठ्ठी वाचल्याबिगर नळी धरली नाय," कृष्णामामा म्हणाले. प्रयोगशाळेत रक्ताचे नमुने सांभाळणाऱ्या मामांना निवृत्त व्हायला आठ महिने उरले होते.

सुलेखाचा पीएचडीचा अभ्यास सरळ होता. डीएनएवर मिथाइल या रसायनाच्या बारीक खुणा असतात. रक्तात त्या वेगळ्या, केसांच्या मुळांत वेगळ्या. पण त्यातल्या कित्येक खुणा कुठं बसणार, हे आईबापांकडून आलेली डीएनएची अक्षरं ठरवतात, आणि ती अक्षरं माणसाच्या अंगभर एकच.

तिचा नवरा ऋतुराज मात्र या नियमाला बधेना. केसांत त्याची अक्षरं एक, रक्तात भलतीच. रक्त तर त्याच्या थोरल्या भावाच्या, बन्सीच्या रक्ताशी तंतोतंत जुळत होतं. जुळ्यांखेरीज असं कुठल्या भावांत होतं?

दोनदा तपासलं, दोन्हीदा तेच. प्रबंध द्यायला पंधरा दिवस राहिलेले. सुलेखाच्या नाकी नऊ आले. लोक सुई पाहून पळतात म्हणून घरच्यांपासून सुरुवात केली, तर घरचेच आडवे आले! चिडून तिनं संचालकांना पत्र लिहिलं. मामांना त्याच दिवशी घरी बसवलं गेलं.

तिसऱ्या वेळी तिनं पडेगावच्या घरी स्वतःच्या हातानं ऋतुराजचं रक्त काढलं.

"माझं नावच काढून टाक ना यादीतून," तो तोंड फिरवून म्हणाला.

"का? सुईला भितोस?"

तो बाही खाली ओढून उठून गेला.

चार दिवसांनी निकाल आला. तोच. आणि या खेपेला नळीला तिच्याशिवाय कुणाचा हात लागलेला नव्हता. मामांचा पडलेला चेहरा आठवून तिला स्वतःचीच चीड आली. ती तडक घरी आली. सासूबाई, आशाबाई, चुलीपाशी भाकरी थापत होत्या.

"आई, मामांची चूक नव्हती. मग ऋतुराजचं रक्त बन्सीभाऊजींचं कसं?"

आशाबाईंनी भाकरी तव्यावर टाकली. वर न बघताच त्या बोलल्या.

"त्याला रक्ताचा कॅन्सर झाला व्हता. बन्सीनं हाडातला मगज दिला, तवापासून त्याच्या अंगात बन्सीचंच रक्त हाय. लग्नाआधी सांगितलं असतं, तर तुझ्या बापानं पोरगी दिली असती का?"