साक्षीचं कार्ड

"कार्ड जपून ठेवलंयस ना?" सबनीसांनी पायरीवर चपला काढता काढताच विचारलं.

चंदरने मान डोलावली आणि खुर्ची पुढे केली. घरात खुर्ची एकच होती. रविवार असूनही दिनानाथ सबनीस सकाळी अंबरनाथच्या कारखान्यात जाऊन आले होते आणि तिथून रिक्षा करून थेट बदलापूरजवळच्या या गावात. एवढा मोठा साहेब दारात आला, याचंच चंदरच्या आईला, सखूला, अप्रूप वाटत होतं.

"बरा झाला तुमी आलाव," ती म्हणाली. "कारखान्यातला कुनी फिरकत नाय आता."

कारखान्याने त्यांची जमीन घेतली तेव्हा घरटी एक नोकरी कबूल केली होती. त्यातून चंदर लॅबमध्ये चिकटला. कॉम्प्युटर आले तेव्हा भलेभले हात लावायला घाबरायचे, पण हा पोरगा सबनीसांच्या मागे मागे असायचा. कॉम्प्युटरचं खातं सबनीसांकडे होतं. त्यांनीच त्याला हाताला धरून शिकवलं. त्याची थट्टासुद्धा ते खपवून घेत. "साहेब, तुमी कामाला बसलाव का माझा मशीन झोपतो," चंदर म्हणायचा आणि दोघं हसायचे.

मशीनं एकमेकांना जोडायला तेव्हा स्विच आला होता. सगळ्या मशीनच्या वायरी त्या एका डब्यात जायच्या. भलतंच मशीन कुणी आणून जोडू नये म्हणून सबनीसांनी त्यात यादी भरली. प्रत्येक मशीनच्या आत एक कार्ड असतं आणि त्या कार्डाला बनवतानाच दिलेला बारा आकडे-अक्षरांचा नंबर. नंबर यादीत असला तर आत, नसला तर दार बंद. कुठल्या नंबराने कधी काय केलं, याचीही नोंद राहायची. कार्डं उल्हासनगरहून, कॅम्प तीनमधून आली होती. "एकही लॉट का माल है साईं, आँख बंद करके ले जाओ," दुकानदार म्हणाला होता.

गेल्या वर्षी एका शनिवारी संध्याकाळी लॅबच्या तीन वर्षांच्या तपासण्या पुसल्या गेल्या. नोंदीत नंबर निघाला चंदरच्या कार्डाचा.

"माझा मशीन तवा झोपलेला. मी चहाला गेलतो," एवढंच चंदर चौकशीत सांगत राहिला. मॅनेजरने सबनीसांना विचारलं, दोन कार्डांचा नंबर एकच असू शकतो का? सबनीस म्हणाले, "नाही. जगात कुठेही नाही." परमनंट केलं नाही म्हणून पोराने डूख धरला, असं ठरलं आणि चंदर घरी बसला.

शेवटच्या दिवशी त्याने मशीन उघडून ते कार्ड खिशात घातलं. गेटवरच्या झडतीत ते सापडलं, तेव्हा सबनीसच मध्ये पडले. "असू दे, नेऊ दे त्याला," असं म्हणून त्यांनी त्याला सोडवलं होतं. चंदर ते विसरला नव्हता.

"मंगळवारी ठाण्याला लेबर कोर्टात तारीख हाय," तो आता सांगत होता. "कल्याणच्या कॉम्प्युटर क्लासचे सर बोलले, सस्त्या कार्डांत कधी कधी दोघांचा नंबर सेम निघतो. वकील बोलतो, कार्ड कोर्टात दाखवू, कंपनीला सगळे मशीन उघडायला लावू. पन मी बोललो, पयले आमच्या साहेबांना विचारतो. असा होतं का, साहेब?"

सबनीस म्हणाले, "होतं. क्वचित."

"मंग तवा नाय कसा बोललाव?"

"चुकलो," सबनीस म्हणाले. हे त्यांनी अगदी मनापासून म्हटलं. "कार्ड माझ्याकडे दे. नव्या वर्षाच्या आत सगळी जुनी मशीन बदलायचीत, सगळी उघडली जातील. एकेक कार्ड ताडून बघतो. जुळं सापडलं की मी स्वतः कोर्टात उभा राहीन. तोवर वकिलाला थांबव. कंपनीला सुगावा लागला तर कार्डं गायब होतील."

चंदरचे डोळे भरून आले. त्याने आईकडे बघितलं.

सखूने देव्हाऱ्यातून एक लाल फडकं आणलं. आत ते कार्ड होतं. त्यावर हळदीकुंकू वाहिलेलं होतं.

"मना वाचता येत नाय," ती म्हणाली. "पन रोज याला हात जोडते. बोलते, बाबा, तुला खरा ठावं हाय, तू बोल. नोकरीचा जाऊ द्या साहेब. पोराचा लगीन जमत नाय. मुलीवाले बोलतात, ज्या ताटात खाल्ला त्याच्यातच घान केली यानं. याचा नाव तेवढा परत द्या."

सबनीसांना तिच्याकडे बघवेना. त्यांनी बोटाने कुंकू बाजूला करून नंबर वाचला, कार्ड पुन्हा फडक्यात गुंडाळलं आणि खिशात ठेवलं.

"देतो, मावशी," ते म्हणाले.

समोर ठेवलेला चहा त्यांना संपवता आला नाही. चंदर रिक्षापर्यंत पोचवायला आला आणि भर रस्त्यात त्यांच्या पाया पडला. त्याच्या डोक्यावर ठेवलेला हात सबनीसांनी चटकन मागे घेतला.

उल्हास नदीच्या पुलावर त्यांनी रिक्षा थांबवली. उतरून कठड्याशी गेले आणि खिशातून लाल फडकं काढलं. फडक्याला लागलेलं कुंकू बघून रिक्षावाल्याने विचारलं, "निर्माल्य काय, साहेब?"

सबनीसांनी होकारार्थी मान डोलावली. रिक्षावाल्याने बसल्या जागेवरून हात जोडले. फडक्यासकट चंदरचं कार्ड पाण्यात गेलं. मग सबनीसांनी दुसऱ्या खिशातून तेच बारा आकडे-अक्षरं असलेलं दुसरं कार्ड काढलं, त्या दिवशी सकाळीच स्वतःच्या मशीनमधून उपसून आणलेलं, आणि तेही सोडून दिलं.