सत्तावीस नंबरची डबी

सातासमुद्रापार नांदणाऱ्या लेकीने यंदा फोनवरच शपथ घातली होती, "आई, पाठीचं दुखणं घेऊन द्राक्षांच्या पॅकिंगला जायचं नाही म्हणजे नाही." आईनेही "बरं बाई" म्हणून टाकलं होतं. तेव्हापासून फोन वाजला की ती आधी डोक्यावरची जाळीची टोपी काढायची, शेडच्या मागे जायची आणि मगच बोलायची.

"आज दिवसभर काय केलंस?"

"काय करणार? खाते, पिते, लोळते."

"मी आत्ता द्राक्षं खातेय. आपल्याकडचीच आहेत. डबीवर पॅकरचा नंबर आहे, सत्तावीस."

आईने हातातली टोपी पदराखाली लपवली. "तो नंबर आता दुसऱ्या कुणाला दिला असेल त्यांनी."

"असेल बाई. शेवटी वजन भरायला एक छोटा घड देठ खाली करून कोपऱ्यात खोचायचा, हेही तिला तूच शिकवलं असशील. पण तुझा हात काही तिला आला नाही हं. डबी चांगली वीस ग्रॅम कमी भरलीय."

"शक्यच नाही!" आई ताडकन म्हणाली. "अर्ध्या किलोच्या वर दहा ग्रॅम जास्तच टाकते मी, बोटीत सुकतात म्हणून!"

पलीकडे लेक खो खो हसत सुटली. हसू आवरल्यावर म्हणाली, "आता खरं सांग, पाठ कशी आहे?"